चष्मेवाली मांजर आणि तीन काळ

४ जुलै
आजपासून व्याकरण चित्रकथेतून. आत्याने मला घरीच शिकवलं, पट्टी हातात घेऊन. काळ अजून तळहातावर आठवतात. माझ्या वर्गात तसं होणार नाही. दादा चित्रं काढणार, बोलण्याचे फुगे रिकामे ठेवणार, मुलं योग्य काळातली वाक्यं भरणार. नायिका म्हणून त्याने मांजर सुचवली. चष्मेवाली. म्हटलं, तुझ्यावर सोडलं. सख्खा भाऊ आहे.

७ जुलै
वर्ग हसून लोळला. मांजर कुलूप लावते, ओढून बघते, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढते. भूतकाळ इतका गमतीदार असतो हे आत्याला कधी कळलंच नाही. (मीही कुलूप ओढून बघते, पण ती खबरदारी.)

११ जुलै, मधली सुट्टी
स्टाफरूममध्ये चित्रकथा हातोहात फिरतेय. ड्रॉइंगचे सर म्हणाले, हुबेहूब जमलीय. मांजर मांजरीसारखी दिसली, यात कौतुक कसलं? तरी दादाला निरोप दिला. ठसका लागेपर्यंत हसला. स्तुती सहन होत नाही बिचाऱ्याला.

१५ जुलै
मोठ्या बाईंनी बोलावलं. सोमवारी तपासणीचे साहेब माझा पाठ बघणार. नोकरी कायम होणार की जाणार, ते त्यावर. मी अगदी निश्चिंत. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

१८ जुलै
पाठ झाला. विचारलं, या फुग्यात मांजर काय म्हणाली असेल? अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "समजलं ना? नक्की समजलं ना?" साहेबांनी मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रुमाल तोंडाला लावला. तेव्हा मी ती मांजर पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्या पिशवीच्या तुटक्या बंदाला सेफ्टी पिन होती. माझ्या पिशवीला आहे तशीच.

संध्याकाळ
दादाला जाब विचारला. म्हणतो, अगं, प्रेमाने काढली! आत्या आतून म्हणाली, मिशा जरा जास्तच झाल्यात. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घर फिरलं की वासेही फिरतात. दादाशी अबोला. कायमचा.

२२ जुलै
नोकरी कायम झाली. साहेबांचा शेरा: पाठ उत्तम, मांजर चालू ठेवावी.
सोमवारी भविष्यकाळ आहे. अबोला मोडलेला नाही, म्हणून आत्याकरवी दादाला निरोप धाडला: मिशा कमी कर, आणि तिला कुलूप एकदाच ओढू दे.
आत्याला निरोप समजला ना? विचारून आले. समजला म्हणाली.
नक्की समजला ना, एवढं विचारून येते.