कोचीनला, गाडीने

बाबा,

आईने मला फसवून कोचीनला नेलं. तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण ही तक्रार तुमच्याकडेच करायला हवी, कारण माणूस कधी फसवतोय हे ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत. फोन ठेवला की तुमचा पहिला प्रश्न, "कोण होतं? एवढा वेळ काय बोलत होतं?" कुलूप लावून जिना उतरलात की परत वर जाऊन ते ओढून बघायचात. शेजारच्या बाईंनी खीर पाठवली तर वाटीवरची ताटली काढायच्या आधी विचारायचात, "यांचं आपल्याकडे काय काम निघालंय?" मी तेव्हा हसायचे. आता मी एक्कावन्न वर्षांची आहे, मुलुंडच्या त्याच घरात आईबरोबर राहते आणि कुलूप मीही ओढून बघते. माझं लग्न सात वर्षं टिकलं, त्यातली चार नवऱ्याचा फोन तपासण्यात गेली. त्याचं तसं काही नव्हतं, असं आता वाटतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी पोह्यांना फोडणी देत होते आणि आई ओट्याशी स्टुलावर बसून वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माका कोचीनाक जावक व्हया." मालवणी ती फक्त चिडली किंवा घाबरली की बोलते, हे तुम्हांला माहीत आहे. मी गॅस बारीक केला. "कोचीन? आई, मनोरीला जाऊ म्हटलं तर त्या बोटीत पाय टाकत नाहीस तू." "बोटीने कोण म्हणतंय? तुझ्या गाडीने." "चार दिवस लागतील. विमानाने दोन तासांत पोचू ना." "विमान नको." "अगं पण का?" "नको म्हटलं ना एकदा!" आणि टरफलं गोळा करून ती उठलीच. शहात्तर वर्षांत जिने स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं नाही, ती बाई जुना किल्ला आणि जुनी चर्चं बघायला चार दिवस गाडीत बसायला तयार होते, यात काहीतरी होतंच. नंतरच्या दिवसांत ती फोन घेऊन बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची. मी विचारलं, "कोण होतं? एवढा वेळ काय बोलत होतीस?" तर म्हणाली, "भांडुपची जुनी शेजारीण." भांडुपची चाळ सोडून आपल्याला किती वर्षं झाली! माझा विश्वास बसला नाही.

निघालो. पनवेल सोडलं, कोकणातला रस्ता लागला, आणि आई खिडकीबाहेर न बघता समोरच्या काचेकडे बघत बसली. कणकवलीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आपल्या गावाचा फाटा आला तेव्हा मी गाडी हळू केली, वाटलं देवळात जाऊया म्हणेल. तिने मानही वळवली नाही. कारवारच्या पुढे समुद्र अगदी रस्त्याला येऊन भिडतो, तिथे मी सरळ विचारलं, "आई, तिकडे कोण आहे?" "समुद्र आहे," ती म्हणाली. उडुपीला सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी तिची बॅग उघडली. हो, उघडली. तुम्हीही उघडली असतीत. कपड्यांच्या तळाशी जुन्या पदराच्या तुकड्यात गुंडाळलेला पुरुषाचा शर्टपीस होता, कोरा, दुकानातल्या घडीसकट. त्याच्याखाली एक साडीही होती, पण साडीकडे मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मला शर्टपीस पुरेसा होता. पुढचा सगळा दिवस मी गाडी चालवत तुमच्या बाजूने आईचा राग राग करत होते. कोझिकोडला जेवताना तिने आपल्या पानातला माशाचा मोठा तुकडा माझ्या पानात वाढला, तर मनात आलं, आज लाड कशाचे चाललेत?

चौथ्या दिवशी दुपारी पोचलो. फोर्ट कोचीला एका जुन्या घरात खोली घेतली होती, हातभर जाड भिंती आणि लाल गुळगुळीत फरशी. बाहेर पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्ताभर पसरलेल्या, आणि पुढे पाण्यावर ती मोठाली चिनी जाळी, चार-पाच माणसं दोर ओढतात आणि जाळं वर येतं. लोक फोटो काढत होते. आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "चल, झालं बघून." दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग खांद्याला लावून म्हणते, "मी जरा मैदानावर फिरून येते. तू पड अजून." गुडघे धरून चालणारी बाई, फिरायला निघाली, बॅग घेऊन! मी चपला घालून मागे गेले. ती मैदानावर गेलीच नाही. कोपऱ्यावर रिक्षाला हात केला आणि चिठ्ठी दाखवली. मी मागची रिक्षा पकडली आणि भाषा येत नसल्यामुळे बोटाने पुढची दाखवली. रिक्षावाला खूश झाला, त्याला वाटलं काहीतरी लफडं आहे. मलाही तेच वाटत होतं. मट्टांचेरीच्या बोळात सुंठीच्या आणि मिरीच्या वखारींमधून रिक्षा एका बैठ्या कौलारू घरासमोर थांबली. दारात लुंगी नेसलेला, ऐंशीचा असेल, एक उंच म्हातारा उभा होता. त्याने आईची बॅग घ्यायला हात पुढे केला, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा तो भाजल्याचा डाग मी बोळाच्या तोंडावरून ओळखला. कोचीनवाले काका, तुमचे कारखान्यातले मित्र, ज्यांचं नाव आपल्या घरात चाळीस वर्षं कोणी काढलं नव्हतं.

तुम्हांला माहीत आहे तेच सांगते, पण या वेळी माझ्या बाजूने. मी सहावीत होते. भांडुपच्या कारखान्यात संप चालू होता, मालक मशिनं रातोरात गुजरातला हलवणार अशी बातमी होती, आणि ट्रक निघतील त्या पहाटे गेटसमोर आडवं पडायचं असं तुम्ही आठ-दहा जणांनी ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी व्यायामशाळेत तुमची शेवटची बैठक होती. मला ताप भरला होता. काका बैठकीला निघालेच होते, पण तुम्ही म्हणालात, "तू पोरीला डॉक्टरकडे ने, मग ये." त्यांनी मला खांद्यावर घेऊन नेलं. ते बैठकीला पोचायच्या आत पोलिसांनी तुम्हां सगळ्यांना उचललं. चार दिवसांनी तुम्ही सुटून आलात तेव्हा गाल सुजलेला होता आणि ट्रक केव्हाच निघून गेले होते. कोणीतरी फोडलं होतं, आणि बाहेर राहिलेला माणूस एकच होता. ते आपल्या दारात आले. तुम्ही विचारलंत, "दवाखान्यातून पंधरा मिनिटं बाहेर गेला होतास. कंपाउंडर सांगतो. कुठे?" ते म्हणाले, "पोरगी रडत होती, तिच्यासाठी थंडा आणायला." तुम्ही माझ्याकडे वळलात. "खरं आहे का?" माझे टॉन्सिल सुजलेले, थंड पिऊ नकोस म्हणून तुम्ही बजावलेलं. मी तुमच्या हाताकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. काकांनी तुमच्यासाठी आणलेला जेवणाचा डबा तुम्ही जिन्यावर भिरकावलात. त्यानंतर चाळीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही, आणि चार-सहा महिन्यांत ते बायको-मुलाला घेऊन गावी निघून गेले. त्याआधी आपल्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं, हेही मला आठवतं.

बोळात मी त्या घराच्या खिडकीखाली उभी आहे. आत आई बसली आहे, मला तिची पाठ दिसते. "वहिनी, इतक्या वर्षांनी?" काका विचारतात. मराठी अजून तशीच, थोडी हिंदीकडे झुकलेली. "आणि एकट्या? काय काम आहे?" त्यांच्या आवाजात गोडवा नाही, तुमच्यासारखाच संशय आहे. आई म्हणते, "भावजी, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"गेटचं. लेबर ऑफिसरच्या बायकोचे ब्लाउज मी शिवायचे ना, तिला. मी म्हटलं, यांना त्या दिवशी कुठेतरी अडकवून ठेवा, ट्रकखाली जातील हे. यांनाच फक्त. ती म्हणाली, बघते. मला काय माहीत पोलीस पाठवतील? सगळ्यांना नेतील?"

बाबा, तुम्ही पुढची वीस वर्षं वाण्यावर, दूधवाल्यावर, माझ्या मैत्रिणींवर, सगळ्या मुलुंडवर संशय घेतलात. एका घराला मात्र सोडलंत, आपल्या. आणि ती तुमच्या शेजारी बसून रोज ते ऐकत होती.

काका ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मी तुमच्या दारात उभा होतो, तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले. यांनी मला ठेवली नसती."

"आणि मला कोणी ठेवलं?"

आईने बॅगेतून ते गाठोडं काढून समोर ठेवलं. शर्टपीस आणि साडी. "वहिनींसाठी आणली," ती म्हणाली. काकांनी साडीवर हात ठेवला. "ती गेली. सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "वहिनी, तुम्हांला एक सांगतो. माझी बायको पहिल्या दिवसापासून म्हणायची, बातमी त्या घरातूनच गेली. बाईच्या तोंडावर दिसतं, म्हणायची. मी तिला रागवायचो. म्हणायचो, वहिनींवर संशय घेऊ नकोस, पाप लागेल. शेवटपर्यंत तिला गप्प बसवलं मी. आता तिला कोण सांगणार, तू बरोबर होतीस म्हणून?"

मला तिथे उभं राहवेना. मी दारातून आत गेले. आई दचकली नाही, नुसती बघत राहिली, जणू तिला ठाऊकच होतं मी मागे येणार. काकांनी डोळे बारीक केले. मी म्हटलं, "काका, मी ती. तुम्ही मला थंडा आणून दिला होता. मी प्यायलेही होते. मी बाबांसमोर खोटं बोलले."

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "मी तिथेच उभा होतो ना." मग म्हणाले, "तू लहान होतीस." आईला उद्देशून ते असं काही म्हणाले नाहीत. सुनेला हाक मारून त्यांनी चहा सांगितला. आम्ही तिघांनी तो प्यायला. सून बिचारी काहीच न समजून आम्हांला केळ्याचे वेफर्स घ्या घ्या म्हणत होती. निघताना काकांनी साडीची घडी नीट करून आईच्या हातात परत दिली. शर्टपीस ठेवून घेतला. "सांभाळून जा, रस्ता लांब आहे," एवढंच म्हणाले. माफ केलं म्हणाले नाहीत, आणि आईनेही मागितली नाही. मला वाटतं, मागायला ती आलीच नव्हती.

परतीच्या वाटेवर कण्णूरच्या आसपास मी तिला विचारलं, पत्ता कुठून मिळाला. "भांडुपच्या शेजारणीने. सांगितलं होतं ना?" मग विचारलं, विमान का नको होतं. "दोन तासांत कसला धीर येणार गो?" ती म्हणाली. "चार दिवस लागले, तरी त्या दारातून परत फिरणार होते." मग डोळे मिटूनच, "तुझ्या बापाशीक कळला असता तर?" मी म्हटलं, "काही नाही. चिडले असते दोन दिवस." ती हसली. तिचा विश्वास बसला नाही, माझाही नव्हता. तीन दिवसांनी संध्याकाळी आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा आपल्या मजल्यावरच्या बाईंनी वाटीभर शिरा आणून दिला, प्रवासातून आलात म्हणून. आईने तो दारातच उभ्याने खाल्ला.

हे सगळं तुम्हांला कळायला हवं, असं वाटून आज दुपारी ती झोपल्यावर लिहायला बसले. तुमचा मित्र सच्चा होता, हे तरी कळायला हवं. पण बाबा, तुमचा काही पत्ता असता ना, तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं. आई अजून माझ्याबरोबर राहते, आणि तुमच्यावर माझा तेवढा विश्वास नाही.