रिव्हर्सविना जुन्नर-भीमाशंकर

शनिवार पेठ, पुणे
फेब्रुवारी २००३

आदरणीय मथुराताईस,

धाकट्या हिराचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला असेल. नसला तर त्यांना आधी विड्या थांबवायला सांग. आम्ही खुशाल आहोत, गाडीसुद्धा. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि दीपालीचे बाबाही तिथेच असतात.

धम्मदीपने अमेरिकेला जाताना (कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय) बाबांना गाडी घेऊन दिली, हे तुला ठाऊक आहेच. रिटायर झाल्यावर हे ती शिकले आणि दहा वर्षांनी तरुण झाले. पुढे उत्तम चालवतात. मागे घेण्याचा प्रयोग मात्र एकदाच झाला, त्यात शेजारच्या आनंदीबाईंच्या कढीपत्त्याची कुंडी गेली. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली: 'शिकाऊ चालकांनी अन्यत्र शिकावे. कुंडीचा विमा नाही.' तेव्हापासून हे म्हणतात, खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात जन्म काढला, कधी मागे वळून पाहिलं नाही, आता गाडीसाठी काय पाहायचं. (आमच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत म्हणून निभतंय. एकातून जातो, दुसऱ्यातून येतो.)

त्यामुळे सहल आखताना लेणी कुठली यापेक्षा गाडी कुठे गोल वळेल, हे आधी पाहिलं गेलं. लेण्याद्रीच्या पायथ्याशी मैदान आहे असं कळताच यांना जुन्नरच्या बौद्ध लेण्यांची एकदम ओढ लागली. आम्ही चढून गेलो, चैत्यगृहात त्रिशरण म्हटलं, मला फार शांत वाटलं. हे मधूनमधून बाहेर येऊन खाली डोकावत होते. उतरलो तर आमच्या पुढ्यात कुणीतरी गाडी लावलेली होतीच, आणि मालक वर गेलेला. मग तिथेच बसून डबा संपवला. यांनी दीपालीला सातवाहनांचा इतिहास सांगायला घेतला. सातवाहन संपले, तरी मालक उतरेना.

शिवनेरीचा फाटा चुकला. दुसरा कुणी चार हात मागे आला असता. आम्ही वळायला जागा मिळेपर्यंत पुढे गेलो, ती नारायणगावात मिळाली. तिथे यांनी, जणू त्यासाठीच आलो होतो अशा चेहऱ्याने द्राक्षं घेतली. शिवनेरी राहिला.

भीमाशंकरच्या अभयारण्यात अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली. हे उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अहो, आपण अनुभवी आहात, आपण मागे घ्या." तो म्हणाला, "काका, माझ्या मागं गाडीभर मानसं हायेत." "माझ्याही मागे कुटुंब आहे," हे म्हणाले. शेवटी एसटी मागे गेली, सगळी माणसं खिडक्यांतून बघत होती. आम्हाला शेकरू दिसलं नाही, पण एसटीतल्या सगळ्यांना आम्ही दिसलो.

तेवढ्यात दीपाली म्हणाली, "बाबा, इट्स ओके, दादा म्हणतो तसा आपण ड्रायव्हर ठेवू ना." त्यावर हे राजगुरुनगरपर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत राहिले. ताई, मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर दीपालीला मी नीट समजावलं.

जयंतीला आम्ही तुमच्याकडे बार्शीला येतोय, गाडीने. दाजींनी जन्मभर एसटी चालवली, त्यांच्या दारात स्वतः गाडी नेऊन उभी करायची, हे यांनी कधीपासून मनात धरलंय. लहानांना पापा.

तुझी,
हिरा

ता. क. खरं काम राहिलंच. तुमची गल्ली पुढे बंद आहे. समोरच्या मच्छिंद्रभाऊंना त्या दिवशी फाटक उघडं ठेवायला सांग, म्हणजे त्यांच्या अंगणातून गोल वळता येईल. कारण विचारलं तर पाहुणे मोठे साहेब होते, एवढंच सांग.

ता. क. दुसरा. फाटकाचं राहू दे. हे पत्र आठवडाभर पिशवीतच राहिलं, कारण भाजी आणते असं सांगून मी रोज स्वारगेटजवळच्या ड्रायव्हिंग क्लासला जाते आहे. (भाजी शिळी का, असं हे विचारतात.) काल क्लासची गाडी गल्लीभर मागे घेतली, कुणाची कुंडी गेली नाही. बार्शीला हे जेवून झोपले की मी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवीन. तू तेवढा वेळ दाजींना आत गुंतव. उठल्यावर हे गाडीकडे बघतील आणि दाजींना म्हणतील, लावतानाच मी पुढचा विचार केला होता. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, मला हसू येईल.