आईच्या वाट्याची कलेजी

अण्णा, काल आईला घेऊन तुमच्या त्या हॉटेलात जेवायला गेले होते. तुमचं म्हणायचं ते एवढ्यासाठी, की वर्षानुवर्षं तुम्ही त्याच्या मागच्या दाराशी बोकडं पोचवलीत आणि पुढच्या दारानं एकदाही आत गेला नाहीत. बीडच्या वाटेवरचं, पालीजवळचं ते हॉटेल आता ओळखू येत नाही. काचा, कारंजं, दारात सलाम ठोकणारा फेटेवाला. आत मधोमध मोठी दगडी शेगडी आहे, तिच्यावर सळ्यांना लावलेलं मटण भाजत असतं. भिंतीवर एक घोंगडी चक्क फ्रेम करून टांगली आहे. मेनूत लिहिलंय, धनगरी पद्धतीचं, निखाऱ्यावरचं. आईला डोळा दाखवायला बीडला नेलं होतं. डॉक्टर सगळं ठीक म्हणाले, म्हणून म्हटलं आज हिला थाटात जेवू घालू. तोवर मी तुमच्यावर चिडले नव्हते.

वेटरनं आधी कलेजी सुचवली. आई लगेच म्हणाली, मला चालत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तुमच्या तोंडून. नवसाच्या कंदुरीच्या दिवशी शेतात बोकड कापलं की रस्सा शिजायच्या आधी तुम्ही कलेजी काढायचात, मीठ-तिखट चोळून निखाऱ्यावर टाकायचात, आणि सगळे बाप्ये ती तिथंच उभ्या उभ्या संपवायचे. मसाला वाटणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बाया घरी. त्यांच्याकडं संध्याकाळी डेगीच्या तळाचं काय उरेल ते यायचं. मी लहान होते तोवर तुमच्या मांडीला लागून बसायचे आणि तुम्ही फुंकर घालून मला तुकडा भरवायचात. मग एका वर्षी चारचौघांत म्हणालात, “आता घोडी झालीस, बायांत जाऊन बस.” मी रडत घरी आले. आईनं पिठाची परात माझ्याकडं सरकवली. तिच्यासाठी दोन तुकडे पाठवा असं कुणी म्हटलंच, तर तुम्ही हसून सांगायचात की हिला चालत नाही. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

काल मी सहज विचारलं, कधी खाऊन त्रास झाला होता का गं?

“खाल्लीच न्हाई कवा. तुजा बापच म्हणायचा, हिला चालत न्हाई. मग म्या बी तसंच म्हणाया लागले.”

काकडी खात खात, अगदी सहज बोलली ती. अण्णा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जनावरांची डॉक्टर आहे. कळपातली कुठली शेळी बाभळीच्या शेंगा खाते आणि कुठली तोंड फिरवते, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, तुमच्याच मागं फिरून मी ते शिकले. आणि जी बाई जन्मभर तुमच्यासाठी चुलीपुढं बसली, तिला काय आवडतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. वर तिच्या वतीनं उत्तर देऊन मोकळे झालात. लाज वाटायला हवी होती तुम्हाला.

मी कलेजीची अख्खी प्लेट मागवली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि किती तरी वेळ चावत राहिली. मग न सांगता दुसरा घेतला. “लई ग्वाड लागती गं,” म्हणाली. मला गहिवरून आलं. तेवढ्यात तिनं वेटरला बोलावून उरलेले दोन तुकडे बांधून द्यायला सांगितलं, तुमच्या फोटोपुढं ठेवायला. मग मात्र माझा तोल गेला. ज्या माणसानं तुला आयुष्यात एक तुकडा पाठवला नाही, त्याच्यासाठी तू स्वतःच्या तोंडचा काढून ठेवतेस? शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली की त्यांचा जीव होता कलेजीवर, आणि डबी पिशवीत घातली.

पाटोद्याला घरी आल्यावर तिनं तुकडे बशीत काढून तुमच्यापुढं ठेवले, हात जोडले आणि डोळ्यात औषध घालून आतल्या खोलीत आडवी झाली. मी फोटोपुढं उभी राहिले. तुम्ही हसताय, फेटा बांधून. जिवंतपणी तुमच्यापुढं जे बोलायची माझी हिंमत नव्हती, ते सगळं मी बोलून घेतलं. मग दोन्ही तुकडे उचलले आणि उभ्या उभ्या खाल्ले. गार झाले होते, जरा चिवटही. पण तुमच्या नाकासमोर खाल्ले, त्याचा मला फार आनंद झाला.

आई उठली, तिनं रिकामी बशी पाहिली. मी ताठ मानेनं सांगितलं की मी खाल्ले, त्यांच्यासाठी काही ठेवायचं नाही. ती बशी उचलून विसळायला लागली.

“आगं, ठिवलेलं घरच्यानंच खायाचं असतंय. घटकाभर ठिवून म्याच खाणार हुते.”

रागाच्या भरात हे लिहायला घेतलं, तेव्हा घडी करून तुमच्या फोटोमागं खोचायचं ठरवलं होतं. आता नाही खोचत. तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत, म्हणून इतकं बोलले. विचारलं तर मीही नव्हतं, अण्णा.