आम्ही राज्य झालो

२७ जानेवारी १८६१, रविवार

जॉर्जिया पण देशातून फुटलं! पाद्रीबुवांनी आज सोडून गेलेल्या राज्यांसाठी लांबलचक प्रार्थना केली आणि मी डोळे मिटून चहाचा विचार करत बसले. खऱ्या चहाचा. पाप लागेल तर लागो. दीड वर्षात धड पाऊस नाही, मदतीच्या पोत्यातला मका आणि घेवडा खाऊन जीभ लाकडाची झालीय.

चर्चबाहेर व्हीलॉकबाई म्हणाली, "पंगतीतून एकेक जण उठून चाललाय, आणि आपण आपले हात धुऊन दारात उभे!" खोटं नाही. आमच्या कॅन्ससला राज्याचा दर्जा द्या, गुलाम नसलेलं राज्य करा, म्हणून आम्ही इतकी वर्षं डोकी फोडून घेतली. शेजारच्या, गुलाम बाळगणाऱ्या मिसूरीवाल्यांनी आमचं पहिलं घर जाळलं. आणि आता आत घेतील तेव्हा आत कुणी उरलेलं असेल का?

घरी आले तर तळघरातून डॉर्कसचा आवाज. "बाई, मक्याच्या पावात पुन्हा काकवी घातलीत? हा पाव आहे की लग्नाचा केक?" मी म्हटलं, मॅसॅच्युसेट्समध्ये असाच करतात. "म्हणूनच तुम्ही लोक तिथून निघालात वाटतं," म्हणाली. काय जीभ आहे बाईची!

ती नोव्हेंबरात मिसूरीतल्या मालकाकडून पळून आली. पाय बर्फाने टम्म सुजलेले. आता घरात हिंडते, पडदे लावून. रस्ते मोकळे झाले की असाहेल तिला उत्तरेला पोचवणार, नेब्रास्काच्या हद्दीपर्यंत. आजवर जेवढे आमच्या तळघरात राहिले तेवढे सगळे त्याने पोचवले. एकही परत गेला नाही. माझ्या नवऱ्याबद्दल मला हजार तक्रारी आहेत, पण ह्या बाबतीत नाही.

३० जानेवारी, बुधवार

झालं! झालं! झालं! आम्ही राज्य झालो!

सकाळी लॉरेन्सहून घोडेस्वार आला, टोपी गेलेली. वॉशिंग्टनला काल अध्यक्षांनी सही केली. चर्चची घंटा सुरू झाली ती थांबेचना. आमच्या गावात तोफ नाही, तर असाहेल आणि विलिस, बापलेकांनी आमच्या लोहारभट्टीतून दोन ऐरणी बाहेर ओढल्या, एकीवर बंदुकीची दारू पसरून दुसरी उपडी घातली आणि बत्ती दिली. धडाड! व्हीलॉकबाईच्या खिडकीची काच गेली आणि ती टाळ्या वाजवत होती!

मला काय सुचलं देव जाणे. धावत घरी गेले, तळघराची फळी उचलली. "डॉर्कस, वर ये! आपण मुक्त राज्य झालो!"

ती खालूनच म्हणाली, "तुम्ही झालात, बाई. मी कुठे?"

"अगं, इथे आता गुलाम म्हणून कुणी नाही. कायद्याने!"

"कोणत्या कायद्याने? पळालेल्याला मालकाकडे परत धाडायचा कायदा तर सगळ्या देशाचा आहे म्हणतात."

मी ऐकलं नाही. हाताला धरून तिला बाहेर ओट्यावर आणलं, भर उन्हात. तीन महिन्यांनी ऊन. तिने डोळे मिटून तोंड वर केलं. मग ती हसली, आणि आम्ही दोघी येड्यासारख्या नाचलो. लोकांनी पाहिलं, हात हलवले. व्हीलॉकबाईच्या नवऱ्याने, आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन व्हीलॉकने, टोपी काढली तिला!

असाहेल काजळीच्या तोंडाने पळत आला. "आत ने तिला. लव्हायना, आत ने!" समोर दुकानापाशी घोड्यावर एक माणूस होता. आमच्या गावचा नव्हता. तो नाचत नव्हता.

३१ जानेवारी

कानात अजून ऐरण वाजतेय. असाहेल माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

शिवणाच्या बैठकीत आज हातघाईवर आलो. वॉशिंग्टनच्या जयंतीला, बावीस तारखेला, गावात नवा झेंडा चढवायचा. त्यात आपल्या राज्याचा तारा घालायचा. इथवर ठीक. मग कुणीतरी विचारलं, जी राज्यं गेली त्यांचे तारे उसवायचे का?

"उसवा! चोर मेले!"

"आणि परत आले तर पुन्हा टाके घालत बसू?"

व्हीलॉकबाई म्हणाली, "पोरगी रुसून माहेरी गेली म्हणून कुणी तिचं ताट मोडीत काढत नाही." सगळे तारे ठेवायचे ठरलं. आपला तारा मी लावायचा. पांढरं कापड कुठून आणायचं? माझ्या लग्नाच्या परकरातून.

संध्याकाळी असाहेल नवी बातमी घेऊन आला. त्याला शेरीफच्या हाताखाली नेमलंय. नव्या राज्याचा माणूस! मी म्हटलं, अरे वा, आता घरात पाय पुसून येत जा. हसला नाही. विलिस म्हणाला, "बाबा, लढाई झाली तर तुम्ही इथली व्यवस्था बघा. फौजेच्या यादीत पहिलं नाव माझं." एकोणीस वर्षांचा आहे. असाहेलने जेवता जेवता चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

ज्याची भीती होती तेच. वॉशिंग्टनच्या सरकारचा मार्शल गावात आलाय, धरपकडीचं वॉरंट घेऊन. त्यात डॉर्कसचं नाव, वय, डाव्या भुवईवरची खूण, सगळं आहे. आणि तो घोड्यावरचा माणूस त्याच्यासोबत.

मी केलं हे! मी बाहेर ओढली तिला!

रडत रडत तळघरात गेले, तर उलट तीच माझी पाठ थोपटत म्हणते, "रडू नका बाई. ऊन चांगलं होतं." मग म्हणाली, "पण पुढच्या वेळी घंटा वाजली की आधी मला विचारा."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

टाकाचं टोक मोडलं. रागाने.

चर्चमध्ये सभा झाली. मला वाटलं होतं मार्शलला नदीत कसं बुचकळायचं यावर चर्चा होईल. पूर्वी एकाला बुचकळलाच होता, डीकन व्हीलॉक पुढे होता त्यात! आज तोच डीकन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बंधूंनो, तेव्हा आपण नुसता मुलूख होतो. आता राज्य आहोत. राज्याने पेंढाऱ्यासारखं वागायचं नसतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आजूबाजूला पाहिलं तर माना डोलतायत!

"व्हर्जिनिया अजून कुंपणावर आहे," कुणी म्हणालं. "उत्तरेचे लोक कायदा पाळतात हे त्यांना दिसलं तर ती जाणार नाही. ती राहिली तर युद्ध टळेल."

"एका बाईसाठी देश मोडायचा का?"

"आपली पोरं मारायची का?"

मी उभी राहिले. बायकांनी सभेत बोलायचं नसतं, खड्ड्यात गेलं! म्हटलं, "तिला टोपी काढून नमस्कार कोणी केला? पंधरा दिवस नाही झाले!" डीकन जमिनीकडे बघत म्हणाला, "थेअरबाई, मलाही झोप लागत नाही." आणि खाली बसला. एवढंच. राक्षस असते तर बरं झालं असतं. हीच ती माणसं, ज्यांनी आमचं घर जळालं तेव्हा रात्रीत ओंडके तोडून नवं उभं केलं.

व्हीलॉकबाई बाकाच्या टोकाला बसून होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

कुणीतरी असाहेलला विचारलं, शेरीफचा माणूस म्हणून तुझं काय मत? म्हणाला, "मला विचार करू द्या."

विचार! घरी येऊन मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भांडीसुद्धा आपटली. तो एवढंच म्हणाला, "विलिस माझा एकुलता एक आहे गं." म्हटलं, माझाही आहे. पण म्हणून काय?

१४ फेब्रुवारी, गुरुवार

देव पावला! असाहेल ताळ्यावर आला.

सकाळी स्वतःहून म्हणाला, "सोमवारी मदतीचं धान्य आणायला माझी गाडी अ‍ॅचिसनला रिकामी जातेय. रिकाम्या पोत्यांखाली नेतो तिला. तिथून पुढे नेब्रास्का. मार्शलला मी खेळवत ठेवतो, घराची झडती बुधवारी घेऊ म्हणून सांगितलंय." मी त्याच्या गळ्यातच पडले. मेला दगडासारखा उभा राहिला. लाज वाटत असेल, सभेत गप्प बसला त्याची.

डॉर्कसला सांगितलं. ती हातातला घेवडा निवडत राहिली. मग म्हणते, "साहेब आता सरकारचे झाले ना?"

"असाहेल आधी माझा आहे, मग सरकारचा," मी म्हटलं.

"मग तुम्हीपण चला ना, बाई. गाडीवर नवराबायको बसलेली असली की कुणी पोती उचकत नाही."

मी तिला तारा दाखवला. अजून तीन टोकं शिवायची आहेत आणि शुक्रवारी झेंडा चढणार. "असाहेल आहे ना," म्हटलं. "त्याच्या हातून कुणी निसटलेलं नाही."

तिने ताऱ्यावर बोट फिरवलं. "टाके बारीक घालता," म्हणाली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

गेली.

उजाडताना निघाले. आदल्या दिवशी तिने स्वतः पाव भाजला, काकवीविना, आणि मला कबूल करायला लावलं की तोच चांगला. वाटेसाठी निम्मा दिला, निम्मा इथेच ठेवला. माझी शाल दिली तिला. घेत नव्हती. पोत्यांखाली शिरताना म्हणाली, "बाई, पीटर आला तर त्याला सांगा की मी खोकत नाही आता." पीटर तिचा नवरा. अजून मिसूरीत आहे, तंबाखूच्या मळ्यावर.

मी "हो" म्हटलं. असाहेलने घोड्यांना हाकारलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण तो कधीच पाहत नाही.

२१ फेब्रुवारी

असाहेल परतला. धान्य कमीच मिळालं. मी दारातच विचारलं, पोचली? म्हणाला, "काम झालं." हातपाय न धुता झोपला, बूट घालूनच. थकला बिचारा. जपून ठेवलेली शेवटची कॉफी त्याच्यासाठी उकळली, तर म्हणे नको, तूच पी.

मार्शल सोमवारीच कुणाशी न बोलता निघून गेला म्हणे. हात हलवत! झडतीसुद्धा घेतली नाही. मी देवाचे आभार मानले. गुडघ्यावर बसून, अगदी मनापासून.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

झेंडा चढला. माझा तारा किंचित तिरका आहे, खालून कळत नाही. वारा चांगला होता. सगळे रडले. मीही, पण माझं कारण वेगळं होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. ती नेब्रास्कात कुणाच्या तरी चुलीपुढे बसून त्यांच्या पावाला नावं ठेवत असेल, हे डोळ्यांपुढे येत होतं आणि हसू दाबावं लागत होतं.

ऐरण उडवा म्हणून पोरं असाहेलच्या मागे लागली. "दारू ओली झालीय," म्हणाला. डीकन व्हीलॉक त्याच्याजवळ आला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडेना. चला, निदान त्याची तरी माफी मागितली कुणीतरी!

६ मार्च

नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली. व्हर्जिनिया अजून आत आहे. असाहेल रोज टपालापाशी जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेतो आणि एकच विचारतो, व्हर्जिनियाचं काय?

२५ मार्च, सोमवार

पाऊस! दोन दिवस झाले. नांगर फिरेल आता. विलिस चिखलात नाचला, एवढा घोडा झालाय तरी.

डॉर्कसचा निरोप नाही. कसा येणार? तिला लिहिता येत नाही आणि तिथल्या लोकांनी जपूनच राहायला हवं. असाहेलला म्हटलं, पुढच्या खेपेला तिकडे विचारून ये ना. "बघू," म्हणाला. फार वाळलाय हा माणूस. पहाटे उठून चर्चमध्ये एकटा जाऊन बसतो. इतका धार्मिक कधीपासून झाला?

१५ एप्रिल, सोमवार

आपल्या सरकारच्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. दक्षिणेने. किल्ला पडला.

युद्ध.

शब्द लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. खरं वाटत नाही. घरातली भांडी जागच्या जागी आहेत, कोंबड्या दाणे टिपतायत. रस्त्यावर माणसं ओरडत पळतायत. असाहेल भट्टीपाशी उभा आहे, हातात तापलेली सळई, ती थंड होऊन काळी पडली तरी तसाच.

२३ एप्रिल, मंगळवार

व्हर्जिनिया गेली. विलिसने फौजेत नाव दिलं. पहिलंच.

कागद दाखवायला आला तेव्हा मी भांडी घासत होते. असाहेल चुलीपाशी खाली बसला आणि म्हणाला, "मग मी तिला कशापायी दिलं?"

"कुणाला दिलंस?" मी विचारलं. माझं मेलीचं डोकं अजूनही चालत नव्हतं!

"मार्शलला. अ‍ॅचिसनच्या अलीकडे, ओढ्यापाशी. आधीच ठरलं होतं. ती ओरडली नाही, लव्हायना. एवढंच विचारलं, बाईंना हे ठाऊक आहे का?"

विलिस दारात उभा होता.

"आणि तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. म्हणजे मुकाट्याने जाईल."