खिशातला फ्यूज

कळवा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

गुणाजीभाऊंना वैशालीचा जय भीम.

हे गेले त्या सकाळी पाणी येऊन गेलं होतं. पिंप भरून मी त्यावर झाकण ठेवलं, कुकर लावला आणि चटणी वाटायला मिक्सर सुरू केला, तर तो घरघर करून बंदच पडला. जळका वास आला. हे बूट घालत होते. मी म्हटलं, "एवढा बघून जा की." तर म्हणाले, "आल्यावर बघतो. आज बिनचटणीचा डबा दे." मी डब्यात कैरीची फोड ठेवली. सान्वीची एक वेणी घालायची राहिली होती आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. एवढंच. त्या सकाळी दुसरं काहीही घडलं नाही.

तुमची खुशाली विचारायची राहिलीच. ताईंचे गुडघे आता कसे आहेत? तुम्ही वीज कंपनीतून रिटायर झालात असं कळलं. सुटलात, असं मनात आलं. रागाने नाही आलं, खरंच आलं.

मी अजून कोपरीच्या पोळी-भाजी केंद्रातच आहे. दुपारी गर्दी ओसरली की वाचत बसते. विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून झाली, आता ठाण्याच्या वाचनालयातून आणते. मी सातवीपर्यंतच शिकलेली, त्यामुळे काही शब्द अडतात, पण पुढच्या दोन पानांत त्यांचा अर्थ लागतो. फोनवर बोलायला मात्र मला जमत नाही. तुमचा नंबर लावला होता, आणि वाजायच्या आत कापला. म्हणून हे पत्र.

काम असं आहे.

सान्वी दहावीला आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती तुमच्या हेल्मेटमध्ये चिंचा गोळा करायची. हे गेल्यावर ती मुलगी बोलायचीच थांबली. वाया गेली नाही, उलट उत्तरं दिली नाहीत, काही नाही. फक्त थांबली. शाळेतून मला बोलावणी यायची. एक बाई म्हणाल्या, "ती वर्गात असते, पण नसते." मी काय करणार? मी तिला म्हणायचे, अभ्यास कर, तिने पुस्तक उघडायचं, आणि तासाभराने पाहावं तर तेच पान.

गेल्या वर्षी शाळेत कृतिका मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला भरभर. त्यांच्याकडे कामधंद्याचा विषय आहे, नववी-दहावीला. त्या फळ्यावर कमी लिहितात. पोरांना सांगतात, घरातलं बिघडलेलं काही घेऊन या. कुणी इस्त्री आणतं, कुणी पंख्याचा रेग्युलेटर. म्हणाल्या, "पोरांना विचारलं, मोठेपणी काय करणार, तर सगळे एकच उत्तर देतात, बघू. बघू म्हणजे काय हो? त्यांना कुणी काही दाखवलेलंच नाही."

एक दिवस मी कामावरून आले तर माळ्यावरचा मिक्सर खाली ओट्यावर. सहा वर्षं तो मी फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मी पाट्यावरच वाटते. सान्वीने तो पिशवीत घालून शाळेत नेला होता आणि मॅडमसमोर उघडला होता. म्हणाली, "मोटरमधले कार्बन झिजले होते गं. एवढंच होतं." आणि बटण दाबलं. तो सुरू झाला. ती हसली, भाऊ. मला त्या मिक्सरचा आवाज सहन होईना आणि तिचं हसणं सोडवेना.

त्यानंतर ती बोलायला लागली. गणितात पास झाली. घरी आली की आज काय उघडलं ते सांगते. चाळीतल्या बायका पंखे घेऊन येतात आमच्याकडे.

आणि आता ती म्हणते, दहावी झाली की आयटीआय करणार. इलेक्ट्रिशियन. मग वीज कंपनीत लागणार.

मी म्हटलं, कॉलेज कर, बँकेच्या परीक्षा दे. आमच्यात शिकायचं म्हणजे खुर्चीवर बसायला शिकायचं, असं मी धरून चाललेय. हे खांबावर चढले ते पोरीने पुन्हा चढावं म्हणून नाही. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली. चार दिवस घरात आवाज नव्हता. मग मीच म्हटलं, बघू.

मॅडम महिन्यातून एकदा प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला वर्गात बोलावतात. नर्स येऊन गेली, गवंडी येऊन गेला. या वेळी लाइनमन हवाय. सान्वीने तुमचं नाव दिलंय. मला न विचारता.

गुरुवारी, तीस तारखेला दुपारी या. पोरांना कामाचं सगळं सांगा. चांगलं तेवढंच नको. त्या दिवसाचंही सांगा, तुम्ही यांच्यासोबत होतात. काही लपवू नका. चौकशीच्या कागदात यांचा निष्काळजीपणा लिहिलाय, त्यापुढे मला कुणी काही सांगितलं नाही, आणि तुम्ही मला स्टेशनच्या पुलावर पाहिलंत की जिना बदलता.

येत नसाल तर तसं कळवा. मुलीला खोटी आशा नको.

धम्मपाल यांची पत्नी,
वैशाली


कळवा,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

गुणाजीभाऊ, जय भीम.

तुम्ही चहा न घेता गेलात. कृतिका मॅडम कप घेऊन गेटपर्यंत धावल्या होत्या. म्हणून तुम्ही गेल्यानंतरचं लिहितेय, आणि आधीचंही थोडं, जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

मी मागच्या बाकावर बसले होते ते तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, खांद्याला जुनी कॅनव्हासची पिशवी. सुरुवातीला पोरं ऐकत नव्हती. पुढचा एक जण म्हणालाच, "काका, शॉक बसल्यावर केस उभे राहतात का?" सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "उभे राहाया डोक्यावर पायजेत ना रं बाला," आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवलात. तेव्हा पोरं तुमची झाली. मला वाटलं, आता हा माणूस गमतीजमती सांगून निघून जाणार.

मग मॅडमनी सान्वीला लाकडी फळीवरचं कनेक्शन दुरुस्त करून दाखवायला सांगितलं. तिने काय केलं ते तुम्ही पाहिलंत. आधी फ्यूज काढला आणि युनिफॉर्मच्या खिशात टाकला. मॅडमनी विचारलं, "खिशात कशाला? बाजूला ठेव ना." ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी परत लावू नये म्हणून."

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. घरातला पंखा जरी उघडायचा असला तरी हे मीटरचा फ्यूज काढून खिशात घालायचे, आणि ती टॉर्च धरून उभी असायची. चाळीतले चेष्टा करायचे, धम्मपालच्या खिशात अख्ख्या चाळीची लाईट. मी हे विसरले होते. ती नाही विसरली.

तुम्ही खुर्चीवर बसलात ते तेव्हाच. आणि मग सांगायला लागलात.

हळदीच्या कार्यक्रमाचा हॉल, तार तुटून लाईट गेलेली, लोक अंगावर येत होते. यांनी फ्यूज काढून खिशात घातले. आणि खांबावर चढण्याआधी तारांना चुकून आलेली वीज जमिनीत नेणारी जी अर्थिंगची साखळी लावायची असते, ती आणायला हे गाडीकडे निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "र्‍हाऊ दे रं, पाच मिनिटांचं काम हाय. ही लोकं मारतील आपल्याला." हे चढले. आणि हॉलवाल्याने जनरेटर सुरू केला. त्याने तो सरळ हॉलच्याच वायरिंगला जोडलेला होता. वीज उलटी तारेत आली. फ्यूज यांच्या खिशात होते, तरी आली.

केसांचं विचारणारा पोरगा खाली बघत होता. तुम्ही म्हणालात, "त्याची चूक नव्हती. माझी व्हती. मी बोललो आनि त्यानं आयकला."

भाऊ, मी तुम्हाला का बोलावलं ते आता लिहिते. खरं कळावं म्हणून नाही बोलावलं. सान्वी घाबरावी म्हणून बोलावलं. मी सांगितलं तर ती ऐकत नाही, मॅडम तर तिच्याच बाजूच्या, म्हणून म्हटलं, जो तिथे होता त्याच्या तोंडून ऐकू दे. एकदाच तिच्या डोळ्यांसमोर सगळं येऊ दे, म्हणजे ती आपोआप मागे फिरेल. त्यासाठी तुम्हाला पोरांपुढे उभं केलं. तुमचा शर्ट घामाने भिजला ते मला मागून दिसत होतं. मी तरी थांबवलं नाही.

आणि ती उठली आणि काय विचारलं? "काका, साखळी आणलीय का? कशी लावायची?"

तुम्ही पिशवीतून साखळी काढलीत. "आधी जमिनीचा टोक, मंग तारेचा. काढताना उलटा." तिने खिडकीच्या गजाला लावून पाहिली. चुकली. तुम्ही पुन्हा करायला लावलंत. मग सगळा वर्ग रांगेने येऊन ती साखळी लावत होता. मुलीसुद्धा. मॅडम भिंतीला टेकून रडत होत्या आणि मी मात्र कोरडी बसले होते.

सान्वी आणि मी घरी आलो. चपला काढताना ती म्हणाली, "मला घाबरवायला बोलावलंस ना त्यांना?"

मी म्हटलं, "हो."

"घाबरले ना मी." तिने दप्तर खाली ठेवलं. "बाबा घाबरायला पाहिजे होते. लोकांना नाही, तारेला."

पंधरा वर्षांची मुलगी. मी कणीक मळायला घेतली. दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या करून आलेले हात, तेच करू शकले. ती पाटावर बसून मला सांगत राहिली, आयटीआय ठाण्यात कुठे आहे, मुलींना जागा राखीव असतात, पहिल्या वर्षी काय शिकवतात. तिचा चेहरा असा उजळलेला की बघवेना. या एका कामाने माझ्या घरातला माणूस नेला, आणि त्याच कामाने माझी मुलगी मला परत आणून दिली. आता मी तिला थांबवलं तर ती जिवंत राहील आणि पुन्हा नसल्यासारखी राहील. नाही थांबवलं तर रोज संध्याकाळी दाराकडे कान लावून बसायचं. मधला रस्ता मला दिसत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "ती काळजी घेईल हो." हेही काळजी घ्यायचे.

तुमच्याबद्दल खरं लिहायचं तर, राग गेला नाही. सगळं ऐकलं की जाईल असं वाटलं होतं. इतकी वर्षं तो राग कंपनीवर होता, नशिबावर होता, आता त्याला तुमचा चेहरा मिळालाय. पण चूक यांची नव्हती हे तुम्ही माझ्या मुलीसमोर, वर्गासमोर सांगितलंत. ते सांगायला तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसल्यात, आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

सान्वी तुमच्याकडे साखळीचं आणखी शिकायला येणार म्हणते. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आली तर तिला घाई करू देऊ नका. कुणी मारायला आलं तरी.

हॉस्पिटलने यांचे कपडे दिले तेव्हा पँटच्या खिशात फ्यूज तसेच होते. कंपनीने मागितले नाहीत. मी ते बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवले होते, सान्वीला कधी दाखवले नव्हते.

शुक्रवारी सकाळी पाणी येऊन गेल्यावर मी त्यातला एक पुसला, सान्वीच्या दप्तराच्या पुढच्या खिशात ठेवला आणि चेन लावली.

तुमची वहिनी