पापणीवर पारखलेलं फडकं

बाबा,

आज सकाळी तुमच्या नातवाने अंगणात गाडी धुवायला काढली आणि मी बुद्धवंदना अर्धी सोडून खिडकीशी गेले. अशी वंदना मी कधी सोडत नाही, तुम्हाला माहीत आहे. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, जुनीच आहे, पण रंग काळा. काळ्या गाडीवर कोणी कोरडा हात नेला की मला अजून बघवत नाही. त्याने फडकं टेकवायच्या आत मी आतूनच ओरडले, "आधी पाणी टाक!" तो हसला. "आई, तुले गाडीतलं काय समजते?" म्हणाला. गाडीतलं मला काहीच समजत नाही. फडक्यातलं समजतं, ते तुम्ही शिकवलं. आणि माझ्या लग्नाच्या दिवशी त्याच फडक्यापायी जे झालं, त्याबद्दल आपण दोघं कधी एक शब्द बोललो नाही. म्हणून लिहायला बसले.

चंद्रपुरात एका लाकूड-ठेकेदाराची काळी मोटार तुम्ही चालवायचात. आपल्याकडची धूळ साधी धूळ नव्हे, तिच्यात कोळशाची कच. ती कच फडक्यात अडकली की रंगावर रेघ उठते, आणि काळ्या रंगावरची रेघ गल्लीच्या टोकावरून दिसते. म्हणून रविवारी आपल्या ओसरीवर फडकी निवडण्याचा कार्यक्रम. अजून तो चालूच आहे असं वाटतं. तुम्ही मांडी घालून बसला आहात, पुढ्यात आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, मालकाने दिवाळीला दिलेला टर्किश टॉवेल. काठ टोचतो म्हणून काठ कापलेला, टॉवेलाची शिवण ब्लेडने उसवलेली, नव्या कापडातली खळ जाईपर्यंत ते धुऊन धुऊन घरातच वाळवलेलं, कारण बाहेर दोरीवर टाकलं की पुन्हा कच. मी समोर डोळे मिटून बसते. तुम्ही एकेक तुकडा माझ्या पापणीवरून हलकेच ओढता.

"टोचते?"

"नाई."

"अन् हा?"

"थोडासा."

तो बाजूला, फरशीसाठी. स्टेअरिंग धरून धरून तुमच्या हाताची कातडी मेली होती. "माह्या हाताले खडा अन् लोणी सारखंच लागते," तुम्ही म्हणायचात. आई चुलीजवळून ओरडायची, "काऊन जी, पोरगी आंधळी झाली त् मालक डोळे देईन का?" तुम्ही वर न बघता म्हणायचात, "तिचे डोळे हायेत म्हणून त् भाकर हाये." मला त्याचा किती अभिमान वाटायचा, ते आता हसू येण्यासारखं आहे. निवडलेली फडकी झाकणाच्या डब्यात जायची. एकदा एक तुकडा माझ्या हातून खाली पडला, मी तो झटकून परत डब्यात ठेवला, तर तुम्ही सगळा डबाच उलटा केला. "जमिनीवर पडलेलं गाडीले लागत नाई. झटकलं तरी नाई." आवाज चढवून तुम्ही मला बोललात ते तेवढंच. सगळी फडकी पुन्हा धुतली मी, साबण संपवून, आणि साबण संपला म्हणून आई मला वेगळी बोलली.

मग मी मॅट्रिक झाले, धानोऱ्याचं स्थळ आलं, लग्न ठरलं. मालकाने आपण होऊन गाडी दिली. त्याचे शब्द तुम्हीच घरी येऊन सांगितले होते: "पोरीला गाडीतून पोचव. पण रंग नवा आहे. एक रेघ दिसली तर पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही." आई खूश झाली. तुम्ही मात्र तेव्हापासून जेवणात मीठ आहे की नाही तेसुद्धा ओळखेनासे झालात.

लग्नाच्या सकाळी मी पांढरं लुगडं नेसून मंडपाच्या तट्ट्यामागे बसले आहे आणि फटीतून तुम्हाला बघते आहे. पाहुण्यांना पाणी काका देत आहेत, पाय काकू धुते आहे, आणि नवरीचा बाप गाडीभोवती फिरून पोरं हाकलतो आहे. "बाप माहा हाये का गाडीचा?" मी आईला म्हणाले. आईने माझ्या डोक्यावर टपली मारली, पण तीही तिकडेच बघत होती.

ट्रकभर वऱ्हाड उतरलं. धानोऱ्यापासून मुरुमाच्या रस्त्याने आलेले, भुवयांपर्यंत लाल. ट्रक गाडीला खेटून उभा राहिला आणि गाडीही लाल झाली. नवरदेवाचे मामा पुढे आले, उंच, हौशी माणूस. नवरदेवाचा फोटो गाडीपाशी काढायचा म्हणाले, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून बॉनेट पुसायला वाकले. तोच दुपट्टा, ज्याने ट्रकवर सगळ्या रस्त्याने तोंड पुसलं होतं. तुम्ही धावत गेलात आणि त्यांचं मनगट धरलंत.

"हात नोका लावू, भाऊ."

बेंजोवाला वाजवायचा थांबला. मामांनी आधी मनगटाकडे बघितलं, मग आपल्या नव्या व्याह्याकडे, तुमच्याकडे. "काऊन जी इवाई," ते म्हणाले, "आमचा हात लागला त् गाडी बाटते का तुमची?"

बाबा, 'बाटणं' हा शब्द आपल्यात कोणी कोणाला म्हणत नाही. आजोबांनी तो विहिरीवर ऐकला होता, तुम्ही शाळेच्या पायरीवर. तो मागे टाकावा म्हणूनच आपल्या लोकांनी धम्म घेतला, आणि आता आपल्याच मंडपाच्या दारात, पंचशीलाच्या झेंड्याखाली, तो तुमच्या तोंडावर आला. वऱ्हाडातली एक बाई म्हणाली, "मालकाच्या गाडीवर बसून बसून मालकच झाला हा." कोणीतरी ड्रायव्हरला सांगितलं, "वळव रे ट्रक." तो खरंच चढला. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तुमच्या एका हातात मामांचं मनगट होतं, दुसऱ्या हातात घडी केलेलं फडकं. मी मनात म्हणत होते, सांगा ना. धुळीचं सांगा, रेघेचं सांगा, मालक काय बोलला ते सांगा. पण तो शब्द एकदा निघाल्यावर रंगाचं कारण कोणी ऐकलं असतं? ती सबबच वाटली असती. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. तुम्ही मनगट सोडलंत.

"पुसा, इवाई," तुम्ही म्हणालात. "तुमचीच गाडी हाये."

आणि मामांनी पुसली. कोरडी. गोल गोल, जोर लावून, भाकरीचा तवा घासावा तशी. बॉनेट झालं, मग दारं. दुपट्टा एकदा खाली पडला, तो झटकून पुन्हा पुसली. तुम्ही शेजारी उभे राहून हसत होतात. बेंजो पुन्हा वाजायला लागला, लोक आत आले, आणि मी त्रिशरण खाली मान घालून ओठांतल्या ओठांत म्हटलं. लाजली, म्हणाले सगळे.

निघालो तेव्हा मामा पुढे तुमच्या शेजारी बसले. मूल गावाच्या पुढे रस्ता वळला, तिरपं ऊन बॉनेटवर आलं, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघांची सगळी वर्तुळं उजळली. मागच्या सीटवरून मला दिसली, म्हणजे तुम्हाला दिसतच होती. "पाहा जी इवाई, आरशावानी चमकून राह्यली," मामा म्हणाले. "मी पुसली." "हौ," तुम्ही म्हणालात. मला रडू फुटलं. शेजारी नवरा गोंधळला, त्याला वाटलं माहेर सुटलं म्हणून. तुम्ही मागे न बघता खांद्यावरून हात केलात आणि ते घडीचं फडकं माझ्याकडे दिलंत. "यानं पूस. कोरं हाये. आज लागलंच नाई." पापणीला लावल्याबरोबर मी ते ओळखलं. आईचं जांभळं लुगडं, पदराच्या आतली बाजू.

पुढचं मला पहिल्या माहेरपणाला आईकडून कळलं. तुम्ही मालकाला "माह्याच हातानं झालं" एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लाकडाच्या ट्रकवर गेलात. शेवटपर्यंत ट्रकवरच. मामा घरी आले की तुम्ही त्यांना आपल्या गादीवर बसवायचात. त्यांना कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही. तुम्ही जे झाकलंत ते मी कशाला उघडं पाडू? घरातल्या पै-पैचा हिशेब मी लिहिते, हे मात्र कुठे लिहावं कळलं नाही.

या पत्राला पत्ता नाही, म्हणजे तिकिटाचा खर्च वाचला. एक तेवढं राहिलं. मुलगा अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचं ते दुकानातून आणलेलं निळं फडकं दाराआड नेलं, डोळे मिटले आणि पापणीवरून ओढलं. बाबा, टोचलं नाही. तुमच्या फडक्याहून मऊ आहे ते. आईच्या लुगड्याहूनही. फडकं कसं आहे असं मुलाने विचारलं तेव्हा मी म्हणाले, चालेल, ठीक आहे.