साळूला हाक

वडीगोद्री, ११ ऑगस्ट २००३

ती. अक्कास,
धर्मराजचा सा. न. वि. वि.

गिऱ्हाइकाच्या गाडीचा कार्बोरेटर भांड्यात टाकलाय, तो धुऊन निघेपर्यंत हे लिहितो. जालन्याच्या एका सराफानं दागिने धुवायचं जुनं यंत्र विकायला काढलं, ते मी घरी आणलं. दिसायला साधा स्टीलचा डबा. पाण्यात साबण घालून बटण दाबलं की पाणी आतल्या आत थरथरतं आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या केसाएवढ्या भोकांतला मळ धुरासारखा वर येतो. सुई नको, फुंकणं नको. माझ्या आंघोळीवरून तू नेहमी बोलतेस. सध्या घरात माझ्यापेक्षा कार्बोरेटर जास्त न्हातात.

आवाज फारसा नाही. तव्यावर पाणी शिंपडावं तशी बारीक चरचर. पण शेजारचं कुत्रं आता ओट्यावर बसत नाही.

खरी बातमी पुढंच आहे. आईला ऐकू आलं. तुझ्या लग्नानंतरच्या तापात तिचे कान गेले ते गेलेच. मागं ताट पडलं तरी तिला कळत नाही. काल ती येऊन उभी राहिली आणि भांड्याकडं बोट करून म्हणाली, की हे बंद कर, त्यातून कुणीतरी साळूला हाक मारून राह्यलंय. आज पुन्हा तेच. ही साळू कोण? आपल्या गल्लीत तर कुणी न्हाई.

भाऊजींना नमस्कार. मायेचा हात पाठीवर राहू दे.

तुझा
धर्मराज


टेंभुर्णी, १९ ऑगस्ट

चि. धर्मराज यास,
द्वारकाबाईचे अनेक आशीर्वाद.

वाचून आनंद झाला, मंग भीती वाटली. साळू म्हणजे आपली आईच. तुळजा हे तिचं सासरचं नाव. माहेरचं तिनं मला एकदाच सांगितलं, माझं नाव बदललं त्या दिवशी. त्या नावानं तिला बोलावणारं आता कुणीही जिवंत नाही.

तिनं ओ दिली का, ते तू लिहिलं नाहीस. तिनंच शिकवलं होतं, की बोलावणारा दिसत नसेल तर दोन हाका जाऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसरी मारतो. जेवायला बोलावलं तरी आपण तिसरीची वाट बघत बसायचो आणि मार खायचो. या दोन तिनं जाऊ दिल्या असतील.

ते भांडं जल्दी बंद कर. पुन्हा सुई घे. तिला ऐकू नाही आलं तरी चालेल, मला आई हवी आहे. पोळा झाला की येतेच. तोवर तिला जप, आणि स्वतःलाही.

तुझी
अक्का


वडीगोद्री, २५ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आई घाबरते म्हणून मागच्या पत्रानंतर भांडं पुन्हा लावलंच नव्हतं; आज तुझं पत्र आलं तसं त्यातलं पाणीही मोरीत ओतलं. पण तिचे कान खरंच उघडले की तो भांड्याचाच खेळ, ते मला बघायचं होतं. यंत्र बंद असल्यावर भीती कसली, असं वाटलं. दिवेलागणीला ती माझ्याकडं पाठ करून ज्वारी निवडत होती. मी आधी आई म्हणालो. काही नाही. मंग तू लिहिलेलं नाव घेतलं. एकदाच.

तिनं ओ दिली. आवाज बारीक होता, परकराच्या वयातला. मी हसलो, अक्का. आनंदानं हसलो. हिशोब नंतर लागला: दोन हाका भांड्याच्या होत्या, तिसरी माझी.

ती वळली. डोक्यावरचा पदर काढून तिनं खांद्यावर टाकला, बाया माहेरी टाकतात तसा.

पत्र मिळेल तशी निघ. ये, आणि रागावू नकोस.

धर्मराज

ता. क. सकाळ झाली. तिनं चहा घेतला. रस्त्यावरचे ट्रक, कपबशी, तिला सगळं बराबर ऐकू येतंय. मी आई म्हणून हाक मारली. तिनं मागं वळून घरात पाहिलं आणि मला दादा म्हणून विचारलं, की तुमची आई कुठं गेली.